जुनी मोटार, परकी चाके

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मंडळींना टायरची बैलगाडी काही नवी नाही. त्याआधी गाडीला लाकडी चाके असत. सुताराने तुंब्यात आरे ठोकावेत, वर पुठ्ठे चढवावेत, लोहाराने धाव लालभडक तापवून चाकावर घालावी आणि वरून पाणी ओतावे. धाव गार होऊन आवळली की ते चाक वर्षानुवर्षे खडखडत चालायचे. पुढे साखर कारखाने आले, ओझी वाढली, आणि रबरी टायरची चाके आली. आता एक गोष्ट आठवून पाहा. टायरची चाके घेणाऱ्या शेतकऱ्याने नुसती चाके आणून जुन्या आखावर ढकलून बसवली का? नाही. चाकांबरोबर लोखंडी आख आला, आखाच्या टोकांना हब आले, हबात बेअरिंग आले, आणि चाक आवळून धरणारे नट आले. चाक एकटे आलेच नाही. आपले सगळे गणगोत घेऊन आले.

आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो तसा लांबचा आहे. इंग्लंडात तयार झालेल्या जुन्या स्पोर्ट्स मोटारींना हौशी मालक मूळची चाके काढून दुसरी बसवतात. हे काम सुखरूप कसे होते आणि जिवाला धोका कुठे असतो, हे मी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात एस.टी. आणि ट्रॅक्टर, आम्हाला स्पोर्ट्स मोटारीचे काय? बरोबर आहे. पण आताच जे गणगोत म्हटले, तेच या गोष्टीचे मर्म आहे, आणि ते ज्याला कळले त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे चाकही नीट बसवता येईल. शिवाय शिक्षक बंधुभगिनींना वर्गात करून दाखवता येईल असा एक गमतीचा प्रयोगही यात आहे. तो मध्यावर सांगतो.

उदाहरणाला एकच मोटार घेऊ, म्हणजे बोलणे भरकटणार नाही. तिचे नाव एम.जी.बी. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तिथे १९२९ पासून १९८० पर्यंत या मोटारींचा कारखाना होता. एम.जी.बी. १९६२ साली बाजारात आली आणि कारखाना बंद होईपर्यंत, म्हणजे १९८० पर्यंत, निघत राहिली. सर्व प्रकार धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या. दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची, वजनाने टनाच्या आसपास. शिक्षक, कारकून अशा बेताच्या पगाराच्या माणसालाही झेपावी अशी. म्हणून तर आजही जगभर हजारो लोक तिला जपतात.

ही गाडी कारखान्यातून निघताना गिऱ्हाइकाला दोन तऱ्हेची चाके मिळत. एक साधे, पत्रा दाबून केलेले पोलादी चाक. ते चार स्टडांवर चार नटांनी बसे, आणि हे चार स्टड साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर असत. दुसरे तारांचे चाक. त्याचे जास्तीचे पैसे पडत, पण दिसायला ते असे काही झोकदार, की पुष्कळांनी तेच घेतले.

तारांच्या चाकाचा इतिहास थोडा सांगितलाच पाहिजे. बैलगाडीच्या चाकात ओझे खालच्या आऱ्यांवर उभे राहते. आरा म्हणजे एक छोटा खांबच. तारेचे तसे नाही. तारेवर उभे राहायला गेलात तर ती वाकेल. तार ओढून धरते, पेलून धरत नाही. म्हणून सायकलच्या चाकात सगळ्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात, आणि ओझे आले की खालच्या तारांचा ताण थोडा सैलावतो, एवढेच. ही कल्पना इंग्लंडातल्या जॉर्ज केली नावाच्या गृहस्थाने १८०८ साली मांडली. तो उडत्या यंत्राची स्वप्ने पाहणारा माणूस होता आणि त्याला हलके चाक हवे होते. पुढे १८७४ साली कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा तुंब्यातून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींना ओलांडणाऱ्या बसवल्या. त्यामुळे चाकाला पीळ बसला तरी तारा तो सोसू लागल्या. आपल्या सायकलीचे चाक आजही तसेच आहे. जाऊन पाहा.

सायकलचे हे चाक मोटारीत आणण्यात कॉव्हेंट्रीच्याच रज-व्हिटवर्थ कंपनीचा मोठा हात होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी असे चाक काढले, की मध्ये एकच मोठा नट. हबावर दात, चाकाच्या आत त्याला जुळणारे दात. चाक दातांवर सरकवायचे आणि तो एकच नट फिरवून घट्ट करायचा. शर्यतीत मिनिटामिनिटाला किंमत असते, तिथे ही सोय फार मोलाची ठरली. स्पोर्ट्स मोटार म्हटली की तारांची चाके आणि मध्ये कानांचा नट, ही समजूत पुढे यातूनच रुजली.

आता खरी मेख. एकच नट आहे, चाक मिनिटाला शेकडो वेळा फिरते आहे, मग तो नट सैल होऊन पडत का नाही?

शिक्षक मंडळींनी इथे एक बांगडी आणि एक जाडशी गोल काठी घ्यावी. बांगडी काठीपेक्षा थोडी मोठी, सैल बसणारी असावी. बांगडीवर खडूची खूण करा. काठी एका हातात उभी, स्थिर धरा. आता दुसऱ्या हाताने बांगडीची एक बाजू काठीला दाबून, घसरू न देता, बांगडी काठीभोवती लोळवत न्या. टेकलेली जागा काठीभोवती एक फेरा करून मूळ ठिकाणी आली की खूण पाहा. ती जागेवर नाही. ज्या दिशेने आपण बांगडी लोळवली त्याच दिशेने ती थोडी पुढे सरकलेली दिसेल. पाच-सहा फेरे करा, मुलांना ते स्पष्ट दिसते.

एम.जी.बी.चा नट म्हणजे ही बांगडी. त्याच्या आत शंकूच्या आकाराची बैठक असते आणि ती चाकाच्या तुंब्यावर बाहेरून बसते. गाडीचे ओझे नेहमी एकाच बाजूने दाबते, पण चाक पुढे फिरत असल्यामुळे चाकाच्या दृष्टीने पाहिले तर ही दाबाची जागा मागे मागे फिरत असते. म्हणून नटही अगदी किंचित, केसाएवढा, मागच्या दिशेने सरकू पाहतो. कारागिरांनी यातच युक्ती केली. मागे सरकणे म्हणजे आवळणे होईल असे आटे पाडले. आता गाडीच्या डाव्या अंगाचे चाक बाहेरून पाहिले तर पुढे जाताना घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते, आणि उजव्या अंगाचे काट्याच्या दिशेने. म्हणून डाव्या बाजूला नेहमीचे सुलट आटे आणि उजव्या बाजूला उलटे आटे. लक्षात ठेवायला सोपे आहे: गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते, त्या दिशेने नट उघडतो, आणि उलट दिशेने आवळतो.

आणि आता डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली तर काय होईल, याचा विचार करा. गाडी धावेल, नट उघडत जाईल, आणि एका वळणावर चाक सुटेल. हा निव्वळ कल्पनेचा खेळ नाही. जुनी गाडी पूर्ण सोडून पुन्हा जुळवताना हब, आख, नट यांचा ढीग जमिनीवर पडलेला असतो, आणि डावे-उजवे बदलण्याची चूक अगदी सहज होते. दोन्ही बाजूंचे भाग दिसायला सारखे असतात. फरक काय तो आट्यांचा.

साध्या पोलादी चाकांची एम.जी.बी. घेऊन तिला तारांची चाके लावायची हौस असणाऱ्यांची गाठ नेमकी इथेच पडते. चार स्टडांवर बसणारा, दात कापलेला जोडहब बाजारात तयार मिळतो. तो बसवला की तारांचे चाक चढते, म्हणून माणूस खूश होतो. पण हे जोडहबही डावे आणि उजवे असे दोन प्रकारचे असतात. डाव्या बाजूचा उजवीकडे बसला की बांगडीचा प्रयोग मालकाच्या जिवावर होतो. असे बसवताना प्रत्येकावरची खूण वाचावी, आणि तरीही चाक चढवण्याआधी नट हाताने फिरवून, तो कुठल्या दिशेने आवळतो हे डोळ्यांनी पाहावे. छापील खुणेवर माझा विश्वास आहे, पण हाताने फिरवलेल्या नटावर जास्त.

दुसरी अडचण मापाची. पुढच्या काळातल्या एम.जी.बी.मध्ये कारखान्याने तारांच्या चाकांसाठी मागचा आखच वेगळा, थोडा आखूड केला होता. कारण उघड आहे. दातांचा हब बाहेर जास्त येतो, मग आख तेवढाच लांब ठेवला तर चाक मडगार्डाच्या बाहेर जाईल. कारखान्याने चाक बदलले तेव्हा आखही बदलला. हौशी माणूस मात्र लांब आख तसाच ठेवतो आणि त्यावर जोडहब चढवतो. चाक बाहेर येते. गाडीत दोन माणसे आणि सामान बसले, रस्त्यात खड्डा आला की टायर मडगार्डाच्या कडेला घासतो. टायरच्या बाजूची भिंत पातळ असते, ती कापली जायला वेळ लागत नाही. उलट तारांच्या गाडीच्या आखूड आखावर साधी चाके घातली तर ती आत बसतात. म्हणून जाणकार लोक अशा कामाला पूर्ण आख आणि चारही हब, सगळा संच एकत्र घेतात. खर्च वाढतो हे खरेच आहे.

कारखान्यांनाही पुढे चाके बदलावी लागली, ती कायद्यामुळे. अमेरिकेत १९६६ साली मोटारींच्या सुरक्षिततेचा मोठा कायदा झाला. त्याखाली आलेल्या नियमांत एक असा होता, की चाकाच्या नटाला बाहेर आलेले कान नसावेत. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला ते लागतात. १९६८ पासून तो अमलात आला. मग अमेरिकेला जाणाऱ्या एम.जी.बी.ला कानांऐवजी अष्टकोनी नट आले आणि ते उघडायला खास पाना आला. आतले दात, शंकू, आटे सगळे तसेच. १९९६ साली हा नियम रद्द झाला, पण तोवर तारांच्या चाकांचा जमाना मागे पडला होता. १९६९ च्या शरद ऋतूत एम.जी.बी.ला रोस्टाइल नावाची दाबीव पोलादी चाके आली. १९७३ साली कारखान्याने तिच्यात साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे रोव्हर इंजिन बसवून एक जोरकस गाडी काढली. तिला तारांची चाके दिलीच नाहीत. मिश्रधातूचा मध्यभाग आणि पोलादी कडा अशी वेगळी चाके दिली. तारांना एवढा पीळ सोसणार नाही, असे याचे कारण सांगतात. कुणी आज साध्या एम.जी.बी.त मोठे इंजिन घालून जुन्या साठ तारांच्या चाकांवरच धावू पाहत असेल, तर त्याने कारखान्याने काय केले ते आधी आठवावे.

आजचे मालक मात्र बहुधा उलट्या वाटेने जातात. तारा पुसायचा कंटाळा येतो, एकेक तार सैल होते, म्हणून ते ओतीव मिश्रधातूची चाके घेतात. साठीच्या दशकात मिनी मोटारीच्या शर्यतींमुळे मिनिलाइट नावाची आठ आऱ्यांची मॅग्नेशियमची चाके गाजली. त्या धाटणीची ॲल्युमिनियमची चाके आता या गाड्यांवर सर्रास दिसतात. दिसतातही छान. पण चार भोके चार स्टडांवर बसली म्हणजे चाक बसले, असे समजणे हाच धोका आहे.

पोलादी चाकाचा पत्रा पातळ. मिश्रधातूचे चाक त्याच जागी चांगले जाड. जुना स्टड मग नटात पुरेसा शिरत नाही, दोन-तीन आट्यांवर लटकतो. निदान स्टडाच्या जाडीएवढी लांबी नटाच्या आट्यांत शिरली पाहिजे, हा सरळ हिशेब आहे. नाही शिरली तर लांब स्टड बसवायचे. नटाची बैठकही चाकाची चाकालाच. काही चाकांना निमुळता, शंकूसारखा नट लागतो, काहींना सरळ नळीचा आणि खाली सपाट चकती असलेला. निमुळत्या भोकात सपाट नट आवळला तर तो कडेवर टेकतो. आवळल्यासारखा वाटतो, पण शंभर मैलांत सैल होतो.

मग चाकाची खोली. चाकाची जी बाजू हबाला टेकते, ती रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, यावर टायर कुठे उभा राहणार हे ठरते. टायर बाहेर गेला तर बेअरिंगवर ओझे तिरपे पडते. खांद्यावरची घागर अंगालगत धरली तर पेलते, हात लांब करून धरली तर मनगट भरून येते, तसेच हे. शिवाय स्टिअरिंग जड होते. काही लोक मध्ये चकत्या घालून चाक बाहेर काढतात. त्या चकत्यांनी स्टडाची लांबी पुन्हा खाल्ली जाते, हे मात्र विसरतात.

टायरचाही हिशेब आहे, आणि गणिताच्या शिक्षकांना तो आवडेल. चौदा इंची रिमवर १६५ मिलिमीटर रुंद आणि रुंदीच्या ८० टक्के उंच भिंतीचा टायर घेतला तर चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर होतो. कुणी त्याच रिमवर १८५ रुंद, पण ६० टक्के भिंतीचा बुटका टायर घातला तर व्यास ५७८ वर येतो. म्हणजे सुमारे ७ टक्के कमी. वेगकाटा साठ दाखवील तेव्हा गाडी छप्पन्ननेच चाललेली असेल. काटा जास्त दाखवतो हे एक वेळ बरे. पण मोठा टायर घातला तर काटा कमी दाखवतो, आणि ते वाईट. आणखी एक, तारांच्या चाकात रिमला तारांच्या बोंडांची भोके असतात, त्यातून हवा निसटते. म्हणून अशा चाकाला ट्यूब हवीच. नव्या रेडियल टायरांबरोबर जुने तिरप्या धाग्यांचे टायर एकाच आखावर कधीही बसवू नयेत. एक बाजू एका तऱ्हेने वाकते, दुसरी दुसऱ्या, आणि ब्रेक लावला की गाडी एकीकडे ओढते.

सगळे जमले तरी गाडी रस्त्यावर नेण्याआधी थोडी तपासणी असते. गाडी उचलून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, चाक ब्रेकच्या भागाला किंवा मडगार्डाला कुठे लागते का पाहायचे. नट आडवे-उभे, म्हणजे एकासमोरचा एक असे क्रमाने, मापाच्या पान्याने आवळायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा. तारांच्या चाकाला आणखी एक परीक्षा आहे. कुंभाराकडे मडके घेताना आपण टिचकी मारून घेतो ना? तसे लहानशा पान्याने एकेका तारेला टिचकी द्यायची. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल किंवा तुटलेली बोदे बोलते. मग एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने चाक पुढे-मागे हलवून पाहायचे. नट घट्ट असून चाक हलले, किंवा गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज आला, तर हबावरचे दात झिजून टोकदार झालेले असतात. अशा हबावर नवे कोरे चाक चढवू नये. झिजका हब नव्या चाकाचे दात थोड्याच दिवसांत खातो. हब आणि चाक जोडीने बदलायचे, आणि चढवताना दातांना आणि शंकूला वंगण द्यायचे. आमच्या लहानपणी आखाला वंगण घातल्याशिवाय बाजाराची गाडी घराबाहेर पडत नसे. आजोबा वंगण घालून झाल्यावर आखाची खीळ एकदा हाताने हलवून पाहत, मगच बैल जुंपत.

आपल्या देशात अशी जुनी मोटार असणाऱ्यांनी कायद्याकडेही पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, कारखान्याने ठरवून दिलेल्या स्वरूपाशी विसंगत असे बदल करण्यास मनाई केली आहे. आणि २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांपलीकडची, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली गाडी तिच्यात बसते. म्हणून शहाणा मालक कुठे कापाकापी करत नाही, मडगार्डाची कड ठोकून वाकवत नाही. पुन्हा मूळ चाके घालता येतील एवढेच बदल करतो.

आणि काढलेली चाके, हब, नट तो भंगारात देत नाही. पुसून, तेलाचा हात देऊन, गोठ्यात किंवा माळ्यावर कोरड्या जागी टांगून ठेवतो, आणि प्रत्येकाला सुतळीने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर ठळक अक्षरांत लिहितो: ‘डावे, पुढचे’, ‘उजवे, मागचे’.